सातव्या कलमातला शब्द

"डब्ल्यू, ए, आय, व्ही, ई, एस," वैजंतानं बोट ठेवून ठेवून वाचलं आणि मान वर केली. "आत्या, इथंच अडतंय."

"अडतंय तर पुढं जा. बाकीचं कळलं ना?"

"थोडं थोडं. माझं नाव कळतंय. घर कळतंय. आपल्या गल्लीचं नावसुद्धा घातलंय. मधला हाच एक शब्द लागत नाही आणि सगळं त्याच्यावरच टेकलंय."

दुपारची पंगत उठली होती. माझे हात अजून पिठाचे होते. तिनं बाकड्यावर फडकं मारून तो कागद पसरला होता आणि शेजारी उत्तमचा शाळेतला इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला होता. त्याची पानं पिवळी पडून कडेनं तुटत होती.

उत्तम माझा एकुलता एक मुलगा, वैजंता त्याची बायको. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही. त्यातली शेवटची तीन वर्षं तो पुण्याला आणि ही माझ्याजवळ कराडात, कोर्टामागच्या आमच्या घरातल्याच खानावळीत. पुण्यात त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं होतं. ते मला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. आता त्याला ते रीतसर करायचं होतं. दोघांच्या संमतीनं काडीमोड, शुक्रवारी कोर्टात सह्या. त्यासाठी पुण्याच्या वकिलानं हा कागद इंग्रजीत टाइप करून पाठवला होता. तेरा कलमं होती, आणि ही सातव्यात अडकली होती. त्या दिवशी मंगळवार.

"सापडला," वैजंता म्हणाली. "हक्क सोडून देणे. आग्रह न धरणे."

"आग्रह न धरणे? मग त्यात वाईट काय? आपण कुठं आग्रह धरून बसलोय?"

"तेच तर. तुम्हीच म्हणाला होता ना नको म्हणून."

म्हणाले होते. दिवाळीत उत्तम आला, मिठाईचा पुडा ठेवला, आणि उभ्या उभ्याच वैजंताला म्हणाला, "मला वेगळं व्हायचंय. तुला काय हवं ते सांग, मी नाही म्हणणार नाही." त्या मुलीनं तोंड उघडायच्या आत मी उसळले. "सांगायला ती भिकारीण आहे का? आम्हाला तुझं काही नको. तुझ्या घराची वीटसुद्धा नको!" उत्तमनं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला. चहा प्यायला आणि पावणेपाचच्या गाडीनं गेला.

मी मात्र ती गोष्ट अर्ध्या गल्लीला सांगितली. कसं तोंडावर सुनावलं, कशी वीटसुद्धा नको म्हटलं. बायका म्हणाल्या, आक्का, तुम्हीच करू जाणे. मलाही तसंच वाटलं.

"कर मग सही," मी वैजंताला म्हणाले, "आणि तो शब्दकोश आत ठेव. तेलाचे हात लागतात."

तिनं ठेवला. पण मला तो शब्द सोडेना. माझं शिक्षण चौथी. तरी चोवीस वर्षं वकिलांना जेवू घातलं होतं. मालक कोर्टात शिपाई होते, त्यांच्या माघारी ही खानावळ मी काढली. स्टे म्हणजे काय, वकालतनामा म्हणजे काय, कुठल्या जजाला कशाचा राग येतो, सगळं मला माहीत. नव्या वकिलांना मी सांगायची. आणि माझ्याच घरात आलेल्या कागदातला शब्द मला ठाऊक नसावा?

बुधवारी दुपारी तिघं जण एका बाकावर जेवत होते. आमटी वाढता वाढता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, वेव्ह करणं म्हणजे काय?"

"आक्का, आजच जजसाहेबांनी माझ्या पक्षकाराची हजेरी वेव्ह केली," पहिला म्हणाला. "म्हणजे माफ केली. यायची गरज नाही."

"माफी," मी म्हटलं. "बरं."

"माफी कसली?" दुसरा म्हणाला. "मी सकाळी नोटीस वेव्ह केली. म्हणजे मला नोटीस मिळाली असं समजा आणि चला पुढं. समजूतदारपणा म्हणा हवं तर."

तिसऱ्याच्या तोंडात घास होता. त्यानं तसंच सांगितलं, "हक्क पाण्यात सोडणं."

"एक काय ते ठरवा की," मी म्हटलं. "माफी, समजूत का पाणी? अशीलांनाही असंच सांगता का?"

"कुठं वाचलंत तुम्ही, आक्का? कागद दाखवा, मग सांगतो."

"कागद कुठला? टीव्हीवर ऐकलं." आणि मी भात आणायला वळले. घरातलं बाकावर मांडायची मला सवय नव्हती.

राहिले वाटवे वकील. ते सगळे गेल्यावर अडीचला यायचे. अठ्ठ्याहत्तरीचे, दात नाहीत, कोर्टात जायचे ते फक्त सवयीनं. भाकरी कुस्करून पिठल्यात भिजवून ठेवावी लागे. कुठलाही इंग्रजी शब्द काढला की तो कुठल्या देशातून, कुणाच्या तोंडातून आला ते सांगत बसायचे, म्हणून तरुण वकील त्यांना बघितलं की हात धुवायला उठत. माझ्या मालकांना मात्र त्यांनी कधी अरे म्हटलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं पिठलं ठेवलं आणि पदराखालून कागद काढला.

त्यांनी चष्मा पुसला. सातवं कलम दोनदा वाचलं. भाकरी गार झाली.

"कुणी केलाय?"

"पुण्याचा वकील आहे कुणी."

"चांगला वकील आहे."

"मग चांगलंच झालं."

"कुणासाठी चांगला ते विचारा, आक्का." त्यांनी कागद बाजूला ठेवला. "काय विचारायचंय तुम्हाला?"

"तो शब्द. वेव्ह. कालपासून डोक्यात बसलाय. माफी म्हणतात, समजूत म्हणतात."

म्हातारा हसला. इतक्या वर्षांत कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं ना. "सांगतो. फार जुनी गोष्ट आहे, सातशे-आठशे वर्षांपूर्वीची. विलायतेत मुलगा बारा वर्षांचा झाला की गावासमोर शपथ घ्यायचा, मी कायदा पाळीन. त्या दिवसापासून तो कायद्याच्या आत. कायद्यानं त्याला सांभाळायचं."

"आणि मुलगी?"

"मुलीला शपथ नव्हती."

"का? तिला जीभ नव्हती का?"

"तुमच्यासारखी नसावी. तिचा बाप आत, नवरा आत, तिची वेगळी शपथ कशाला, असं असणार. आता पुढं ऐका. पुरुष गुन्हा करून पळाला, पुन्हा पुन्हा पुकारूनही आला नाही, की त्याला कायद्याच्या बाहेर काढत. मग त्याला कुणी मारलं तरी दाद नाही. पण बाई पळाली तर? तिला बाहेर कसं काढणार? ती आत होतीच कधी?"

मला हसू आलं. "मग बरंच की. सुटली बिचारी."

"नाही सुटली. तिच्यासाठी वेगळा शब्द काढला. चोरामागं लोक लागले की तो हातातला माल टाकून पळतो. तो टाकलेला माल. आणि अशी बाई. दोघांनाही ते एकच शब्द लावत. टाकलेला माल, टाकलेली बाई. तोच हा शब्द."

मोरीत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. वैजंता तिथं पाठमोरी बसली होती.

टाकलेली. आमच्यात नवऱ्यानं सोडलेल्या बाईला हेच म्हणतात. मीही म्हणत आले, माळ्याच्या सुशीला, कुंभारवाड्यातल्या बेबीला, तोंडावरसुद्धा. माझ्या उंबऱ्यात मात्र हा शब्द मी कुणाला काढू दिला नव्हता. आणि तो टाइप होऊन पदराखालून मीच आत आणला होता.

"म्हणजे उत्तमनं हिला हे लिहिलंय?" माझा आवाज चढला. "टाकलेली म्हणून?"

"नाही, नाही. आता तसं कुणाच्या मनातही येत नाही. त्या बायका गेल्या, तो कायदा गेला, शब्द राहिला. आता माणूस आपला हक्क आपल्या हातानं टाकतो, त्याला म्हणतात. आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणतो."

"मग वाईट आहे का नाही? एक सांगा."

"शब्द वाईट नाही. तुमचं घर कुणाच्या नावावर आहे?"

हे का विचारतात ते मला कळेना. "उत्तमच्या. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा मीच करून दिलं. बाईच्या नावाला कोण विचारतंय?"

"मग ऐका. ही त्याची बायको आहे तोवर तिला या घरात राहायचा हक्क आहे. सातव्या कलमात ती म्हणते, मी तो टाकला, काडीमोडानंतरही मागणार नाही. सही झाली की घरावर उत्तमखेरीज कुणाचंच बोट राहत नाही. उद्या त्यानं विकलं तर तुम्ही दोघींनी उठायचं. तुम्ही आई म्हणून त्याच्यावर अर्ज करू शकता. कराल?"

"पोटच्या पोरावर? जीव गेला तरी नाही."

"वाटलंच. म्हणून म्हणतो, हिला विचारा नको का म्हणते ते."

"ती कुठं म्हणाली? मी म्हणाले नको."

त्यांनी चष्मा काढला. "आक्का, तुमच्या खानावळीत माणूस ताटावर आडवा हात धरून नको नको म्हणतो, तरी तुम्ही वाढता. त्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो बिनधास्त नको म्हणतो. कोर्टात तसं नाही हो. तिथं एकदा नको म्हटलं की वाढपी पुढं जातो."

मला राग आला. का आला ते तेव्हा कळलं नाही. "पिठलं गार झालं तुमचं," म्हणाले आणि कागद उचलला.

संध्याकाळी लसूण सोलायला बसलो तेव्हा मी वैजंताला सांगून टाकलं, "सही करायची नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

तिनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "दिवाळीत तुम्ही नको म्हणाला म्हणून मी गप्प बसले. काल सही कर म्हणाला तेव्हा हो म्हणाले. आज करू नको म्हणता म्हणून नाही म्हणू? आत्या, त्यांनी मला विचारलं होतं, तुला काय हवं. नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत."

माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. उत्तमचा बापही नाही.

"तुझी लाज राखली मी!"

"माझी कुठली? तुमची."

मी उठून चुलीपुढं गेले, उगीच लाकूड मागं सारलं, पुन्हा येऊन बसले. "मग सांग आता. काय हवंय तुला?"

"ते नकोत. ते जाऊ देत, त्यांना मी अडवणार नाही. मला इथं राहायचंय. तुमच्यासाठी नव्हे, उगीच तसं मनात आणू नका. रोज साठ माणसांच्या भाकऱ्या मी थापते. ही चूल माझी आहे."

ही चूल माझी आहे! चोवीस वर्षं मी फुंकली ती चूल. तिचं खरं होतं. माझंही खरं होतं. घर माझं, ते मुलाचं, आणि त्यात मी राहणार ती सुनेच्या हक्कावर. तो हक्क तरी तिला कशानं, तर 'ही मला नको' म्हणून गेलेल्या माणसाची ती बायको म्हणून. मी हा गुंता कुठूनही उकलायला घेतला तरी दोरा माझ्याच हातात येत होता. वैजंता पुन्हा लसूण सोलायला लागली. मीही.

गुरुवारी ती एकटीच वाटवे वकिलांकडं गेली आणि एक ओळ लिहून घेऊन आली. सातव्या कलमाच्या जागी घालायची. काडीमोड झाला तरी वैजंताला हयातभर या घरात राहायचा आणि खानावळ चालवायचा हक्क राहील, एवढीच. मला तिनं दाखवली, पण विचारलं नाही.

शुक्रवारी नऊला उत्तम गाडी घेऊन आला. नवा शर्ट, कपाळाला घाम. पोरगा वाळला होता. काही झालं तरी पहिलं तेच दिसलं मला.

वैजंतानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती ओळ त्याच्यापुढं धरली. "हे घातलं तर सही करते."

त्यानं वाचलं. "हे काय नवीन? मी काय तुम्हाला बाहेर काढणार आहे का?"

"नाही ना? मग लिहायला काय हरकत?"

"विश्वास नाही माझ्यावर?"

वैजंतानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्याचं त्यालाच कळलं, आणि तो माझ्याकडं वळला. "आई, तू सांग हिला. तूच म्हणालीस ना, तुझ्या घराची वीट नको? मी वकिलाला तेच सांगितलं, जसंच्या तसं. माझ्या मनात हिला काहीतरी द्यायचं होतं. तू गल्लीभर सांगत फिरलीस, नको म्हणून. आता शब्द फिरवतेस?"

शब्द फिरवणं मला जमत नाही. अख्ख्या कोर्ट गल्लीत विचारा. आक्कानं म्हटलं म्हणजे झालं. ते नाव कमवायला मला जन्म लागला होता, आणि ते राखायला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसले असते तर वैजंतानं पुढं रेटलं नसतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"उत्तम," मी म्हटलं, "मी नको म्हणाले, तेव्हा तू काय म्हणशील असं मला वाटलं होतं, सांगू?"

"काय?"

"असं कसं आई, म्हणशील. एकदा तरी म्हणशील. मी पुन्हा नको म्हणेन, तू पुन्हा म्हणशील. पाया पडशील. कदाचित पुण्याला जायचाच नाहीस, इथंच राहशील. तू बरं म्हणालास आणि चहा प्यायलास."

"मला कसं कळणार ते? लहानपणापासून तूच शिकवलंस, आईचा शब्द म्हणजे शेवटचा."

"माझं चुकलं."

हे दोन शब्द मी कधी उच्चारले होते असं मला आठवत नाही. ते तिसऱ्याच कुणाच्या तोंडून आल्यासारखे वाटले. वैजंता भिंतीला टेकली.

"मला पाहिजे," मी म्हटलं. "घर पाहिजे. ही पाहिजे. तिला इथं राहायचंय तर ती राहील, आणि ते कागदावर लिहायचं. विनवते असं समज हवं तर. लिही."

त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघून तो बंद केला. मग खिशातून पेन काढलं. सातव्या कलमावर आडवी रेघ मारली आणि वाटवे वकिलांची ओळ स्वतःच्या अक्षरात बाजूला उतरवली. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच, उजवीकडं झुकलेलं. पुढं कोर्टात ती ओळ पुन्हा टाइप झाली. जजसाहेबांनी दोघांना विचारलं, आपखुशीनं करताय ना? दोघं हो म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना एका आवाजात बोलताना मी तेव्हाच ऐकलं.

बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता. खानावळीत माणसं खोळंबली होती. त्या दिवशी भाकरीला मी शेजारणीला बसवलं होतं, तिच्या भाकऱ्या जाड. वैजंता आल्या आल्या पदर खोचून चुलीपुढं बसली. उत्तम दारात घुटमळला. घर आता कुणाचं, आत ये म्हणायचं कुणी, हे मला नेमकं कळेना. वैजंतानं तव्यावरची नजर न काढता सांगितलं, "बसा. जेवून जा."

तो वकिलांच्या बाकावर, टोकाला बसला. मी वाढलं. त्यानं मान खाली घालून सगळं संपवलं, काही मागितलं नाही. मग त्यानं ताट उचललं.

आमच्या घरात पुरुषांनी ताट उचललेलं मी पाहिलं नाही. ते बाहेरच्यांनी करायचं, महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्या मेंबरांनी. उत्तम दोन्ही हातांत ताट धरून बाकांच्या मधून मोरीकडं निघाला. ठेव रे, असू दे, एवढंच म्हणायचं होतं. वैजंता म्हणेल म्हणून मी थांबले. मी म्हणेन म्हणून ती थांबली असावी. त्याला आता चौदा वर्षं झाली, तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मोरीत ताट टेकल्याचा आवाज झाला. त्यानं हात धुतले, चप्पल घातली आणि गाडीकडं गेला.